वीटभट्टीच्या वळणावरची भेग

४ फेब्रुवारी

चि. भाचीस मामाचे आशीर्वाद.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू विचारशील. फोनवर तू 'हं, हं' म्हणतेस आणि त्याच वेळी दुसरंच काहीतरी करत असतेस, ते मला इथे ऐकू येतं. कागदाला नुसतं 'हं' चालत नाही. उत्तर द्यावं लागतं.

तुमच्या प्रयोगशाळेत या आठवड्यात रुळाचा एक तुकडा येईल. हातभर लांब, बाजूला पिवळी फुली. ती फुली मी मारली आहे. तुकडा माझ्या वळणाचा आहे, वीटभट्टीजवळच्या, आमच्या क्वार्टरच्या समोरच्या.

झालं असं, की गुरुवारी सकाळी मी ओट्यावर दाढी करत होतो. मालगाडी गेली आणि तिच्या प्रत्येक चाकाबरोबर 'टक्' आवाज आला. एकतीस वर्षं मी रूळ ऐकतोय. त्या जागी सांधाच नाही, तर 'टक्' कुठून येणार? एका गालावर साबण तसाच ठेवून पळालो. बघतो तर रुळाच्या माथ्यापासून खाली उतरलेला तडा, नख आत जाईल एवढा. लाल झेंडी दाखवून पुढची गाडी थांबवली. तिच्यात माणसं होती. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "मुकादम, तुमची अर्धी दाढी राहिली." मी म्हटलं, "तुझी अख्खी गाडी राहिली, ते बघ."

आता अडचण ऐक. त्या वळणावरून आमचा चावीवाला रोज चालत जातो. रूळ घट्ट धरणाऱ्या चाव्या हातोड्याने ठोकायच्या आणि डोळ्यांनी रूळ तपासायचा, हे त्याचं काम. मान खाली घालून एकेक पाऊल मोजून टाकतो, म्हणून रूळ-दुरुस्तीची आमची अख्खी गँग त्याला बगळा म्हणते. आदल्याच दिवशी बगळ्याने वहीत 'रूळ ठीक' लिहून सही केली होती. साहेबांचं म्हणणं, असा तडा एका दिवसात पडत नाही, याने न बघताच सही ठोकली. त्याला घरी बसवलंय. २० मार्चला चौकशी आहे. दोष सिद्ध झाला, की चौदा वर्षांची नोकरी गेली.

मी त्याची बाजू घ्यायला हवी. पण तुला खरं सांगतो, मलाही शंका येते. खऱ्या बगळ्याचं ध्यान निदान माशावर तरी असतं. याचं कशावर होतं कोण जाणे.

तू भिंगवाली. एवढंच बघून सांग : भेग कालची की वर्षाची? कालची असेल तर पोलादच नासकं, बगळा सुटला. जुनी असेल तर बगळा गेला.

मामी बरी आहे. दाढी पुरी केली.

तुझा मामा

१३ फेब्रुवारी

ती. मामा,

सा. न. फुलीवाला पाहुणा सोमवारी पोचला. मी लगेच आमच्या प्रमुखांना सांगितलं, की हा माझ्या मामाचा रूळ आहे. ते म्हणाले, "रूळ मामाचा नसतो, रेल्वेचा असतो. तू बघ, सही मी करतो." तेव्हा खालचं सगळं बघितलेलं आहे, सही केलेलं नाही.

आधी तुम्हालाच एक प्रश्न. चाक रुळाला किती जागेत टेकतं, ठाऊक आहे? अंगठ्याच्या नखाएवढ्या! एका चाकावरचा दहा टन भार त्या नखाएवढ्या जागेतून खाली उतरतो. पोलादाला आपण कडक म्हणतो, पण तिथे ते मळलेल्या कणकेसारखं वागतं. मी तुकडा उभा कापला, आरशासारखा घासला, आम्लाचा हात फिरवून भिंगाखाली धरला. खोलवर पोलादाचे कण आपापल्या दिशेला तोंड करून निवांत बसलेत. वर यावं तसे ते वाकायला लागतात, आणि अगदी वरच्या थरात सगळेच्या सगळे एकाच बाजूला आडवे झालेत. पत्त्यांचा जोड तळहाताने ढकलल्यावर दिसतो ना, तसे. त्यावरून तुमच्या गाड्या कुठे जातात ते मी इथे बसून सांगते : फुलीकडे तोंड करून उभं राहिलं तर डावीकडे. बरोबर?

मार खाऊन खाऊन वरचा थर आतल्यापेक्षा कठीण झालाय. माणसांचंही तसंच होतं. आमच्या प्रमुखांचं झालेलंच आहे. पण ढकलून घेण्यालाही शेवट असतो. पत्ते सरकायचे तेवढे सरकले, की पोलाद तिरकं फाटतं. रुळाच्या आतल्या कडेला अशा बारीक तिरक्या भेगांची रांगच आहे, माशाच्या खवल्यांसारखी. त्यांतली एक वाट सोडून खाली वळली. तीच तुमची 'टक्'.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. भेगेच्या तळाचा भाग तेवढा ताजा, चकचकीत आहे. वरचा काळा पडलाय. भेग वर्षाची असेल, कदाचित दोन वर्षांची. आणि पोलादात काही खोट नाही. उलट झकास आहे.

मला मात्र दोन गोष्टी स्वस्थ बसू देत नाहीत. वळणावरचा रूळ असून तो इतका कमी कसा झिजलाय? आणि भेगेच्या आत काळं, चिकट काहीतरी भरलंय. तुमच्याकडे ग्रीस कोण लावतं? आपोआप ग्रीस सोडणारी यंत्राची पेटी आहे का?

मामीला नमस्कार.

तुमची भाची

१९ फेब्रुवारी

भिंगवाल्या बाईंना आशीर्वाद.

गाड्या डावीकडेच जातात! तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढं शिकून पोरगी शेवटी पत्त्यांवरच आली." मी मात्र दुपारी जाऊन रुळावर अंगठा टेकवून बसलो होतो. एकतीस वर्षं चाकं बघितली, पण ती टेकतात कितीशी जागा घेऊन, हे कधी डोक्यात आलं नाही. गँगला विचारलं, तर एक म्हणाला परातीएवढी, दुसरा म्हणाला पावलाएवढी. नख म्हटल्यावर सगळे आपापलं नख बघायला लागले. काम अर्धा तास थांबलं.

आता ग्रीसचं. नीट वाच. पेटी आहे, वळणाच्या तोंडाशी. ती ग्रीस लावत नाही, थुंकते. लावतो मी! स्वतः! सहा वर्षं झाली, रोज सकाळी. बांबूच्या टोकाला गोणपाट गुंडाळून खास कुंचा केलाय. नियमाप्रमाणे रुळाच्या आतल्या बाजूलाच लावायचं, जिथे चाकाची कड घासते. मी कुंचा कडेवरून वर माथ्यावरही फिरवतो. मलम लावायला बसल्यावर अर्धी जखम कोण सोडतं? म्हणून तर माझा रूळ झिजत नाही. साहेब लोक पाहुण्यांना मुद्दाम हे वळण दाखवायला आणतात. सत्काराच्या भाषणात माणूस 'चंदनासारखा झिजला' म्हणून टाळ्या पडतात, पण रूळ झिजला की नोटीस येते, हे मी फार पूर्वीच ओळखलं.

उलट ओढ्यापलीकडचं वळण बघ. तिथल्या मुकादमाला आम्ही निवांतराव म्हणतो. ग्रीसच्या डब्यावर बसून चहा प्यायचा, डब्याचा त्याला तेवढाच उपयोग. त्याच्या वळणावर चाकं किंचाळत जातात आणि रूळ झिजून जुन्या चपलेच्या टाचेसारखा झालाय. रूळ बदलताना निघालेला एक तुकडा त्याच्याकडे पडून होता, तो बसने पाठवतोय. निवांतराव म्हणाला, "न्या, उशाला टोचतच होता." दोघं शेजारी शेजारी ठेव आणि तुझ्या प्रमुखांना दाखव, काळजी घेणं म्हणजे काय असतं.

पोलाद चांगलं निघालं याचं वाईट वाटलं. म्हणजे बगळाच. परवा दारात येऊन म्हणाला, "मुकादम, मी बघितलं होतं. काही नव्हतं हो." मी म्हटलं, "वर्षाची भेग आणि तुला दिसली नाही? आंधळ्याला ठेवलं होतं का आम्ही?" मामीने त्याला चहा दिला. मला दिला नाही.

तुझा मामा

४ मार्च

ती. मामा,

सा. न. निवांतरावांचा तुकडा मिळाला. दोन्ही बघते आहे. अजून काही म्हणता येत नाही. काम फार साचलंय. मामीची डोकेदुखी हल्ली कशी आहे? इकडे हवा कोरडी. प्रयोगशाळेला नवे पडदे लावले, निळे.

तुमची भाची

८ मार्च

चि. भाचीस आशीर्वाद.

मी विचारतो पोलादाबद्दल आणि तू कळवतेस पडद्यांबद्दल! तुझा मामा रुळावर म्हातारा झाला असेल, पण अजून रुळावरून घसरलेला नाही. मला सगळं कळलं. पोलादाच्या कारखान्याचे लोक येऊन बसलेत तुमच्याकडे. 'झकास पोलाद' तू उगाच लिहिलंस का? तुझ्याकडून लिहवून घेतलं. आता तेवढ्यानेही भागलं नाही, म्हणून तोंडालाच पडदा.

तू घाबरू नकोस. चौकशीत मी उभा राहून सांगणार, की माझ्या भाचीला गप्प केलंय. बगळा आंधळा असेल, पण कारखाना काही धुतल्या तांदळासारखा नाही.

निळा रंग चांगला.

तुझा मामा

(याच पाकिटात घडी घातलेला दुसरा कागद)

बाळे,

पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून घाईत लिहिते. त्यांना माहीत नाही.

तुला कुणी गप्प केलेलं नाही, हे मला कळतं. लहानपणी तू त्यांचा रेडिओ पाडलास, तेव्हा घरात शिरल्या शिरल्या आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली होतीस. आता डोकेदुखीची केलीस. म्हणजे पुन्हा त्यांचंच काहीतरी फुटलंय आणि ते तुझ्या हातात आहे.

एक गोष्ट ते तुला कधी सांगायचे नाहीत. त्या ग्रीसचं मूळ माझं डोकं. सहा वर्षांपूर्वी अर्धशिशी सुरू झाली. वळणावर चाक किंचाळलं, की कुणी कानात सुई खुपसतंय असं व्हायचं. मी एकदाच म्हणाले, "हे बंद करता येतं का हो?" दुसऱ्या दिवसापासून कुंचा. नुसत्या बाजूला लावून आवाज पुरता गेला नाही, म्हणून वर माथ्यावर. गँगला सांगितलं, रूळ झिजू नये म्हणून. आता त्यांचं त्यांनाच ते खरं वाटायला लागलंय.

काय असेल ते त्यांना लिही. ते काही काचेचे नाहीत. आणि बगळा रोज कोपऱ्यावर येऊन उभा असतो. कामावर यायची बंदी, म्हणून रुळापासून दहा पावलं लांब. तिथूनसुद्धा मान खाली घालून रूळच बघत असतो.

मामी

१२ मार्च

ती. मामा,

सा. न. पडद्यांबद्दल माफ करा. मला कुणी गप्प केलं नव्हतं. मीच गप्प बसले होते.

तुम्ही सांगितलंत तसे दोन्ही तुकडे शेजारी ठेवले. निवांतरावांचा रूळ दिसायला भिकारडा आहे. त्याच्यातही पत्ते सरकलेत, तुमच्या रुळाइतकेच. भेगाही सुरू झाल्यात. पण एकही भेग केसाच्या जाडीपलीकडे गेलेली नाही! मी चार ठिकाणी कापून पाहिलं. दोन दिवस मला कळेना, जिथे कुणी लक्ष दिलं नाही तो रूळ धडधाकट आणि जिथे रोज मलम लागलं तो फुटला, असं कसं? मग उलगडलं. निवांतरावांच्या वळणावर भेग जन्मते न जन्मते, तोच चाक तो थर घासून नेतं. भेग वाढायच्या आत तिच्या पायाखालची जमीनच जाते. तो रूळ झिजला म्हणून वाचला.

तुमच्या वळणावर थर जागेवर राहिला. भेगांना वाढायला सवड मिळाली. त्यात माथ्यावरचं ग्रीस भेगेत उतरलं. चाक आलं की भेगेचं तोंड दाबलं जातं, आत कोंडलेलं ग्रीस जाणार कुठे? पुढे. प्रत्येक चाक ते पाचरीसारखं आत ठोकत गेलं. वर्षभर.

आणि तिसरं. माथ्यावर ग्रीसचा काळा लेप होता. रॉकेलने धुवेपर्यंत एकही खवला मला दिसला नाही, आणि मी तर हातात भिंग घेऊन बसले होते. मामा, बगळ्याने खोटी सही केली नाही. जे दिसलं ते लिहिलं.

आतल्या बाजूला ग्रीस लावणं योग्यच आहे. ते माथ्यावर नको होतं. आणि वरचा थर अधूनमधून यंत्राने घासून काढायला हवा होता, ते काम साहेबांचं. ते अहवालात आहे. 'भेगेत व माथ्यावर वंगण आढळले' हेही आहे. कुणी लावलं, ते पोलादाला माहीत नसतं. तुम्ही बोलला नाहीत तर पेटीचं नाव येईल, आणि पेटीची देखभाल वहीत चावीवाल्याकडे असते, हे तुम्हीच मला कधीतरी सांगितलंय.

चार महिन्यांनी तुमची निवृत्ती आहे. काय करायचं, ते मी सांगणार नाही. भाचीने मामाला शहाणपण शिकवू नये, हे तुम्हीच शिकवलंत.

तुमची भाची

२२ मार्च

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्यावर चिडलो, दुसऱ्यांदा निवांतरावावर. तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचलं.

मग रॉकेलचा डबा आणि जुनं धोतर घेऊन निघालो. कोपऱ्यावर बगळा उभा होताच. म्हटलं, "चल." तो म्हणाला, "मला बंदी आहे." मी म्हटलं, "रुळाला हात लावायची बंदी आहे. मी पुसतो, तू बघ." नव्या टाकलेल्या तुकड्याच्या पुढचा जुना रूळ हातभर पुसला. काही नाही. मनात म्हटलं, भाची चुकली! उन्हाकडे तिरपी मान करून पुन्हा बघितलं. खवले. ओळीने, एकासारखा एक, जणू कुणी बसून कोरलेत. बगळा उकिडवा बसला आणि बोटाने मोजायला लागला. एक्केचाळीस. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, आता म्हणेल, 'बघा, मी सांगत होतो.' तो म्हणाला, "मुकादम, हे रोज माझ्या पायाखाली होतं?" मी म्हटलं, "माझ्या कुंच्याखाली होतं." मग आम्ही उरलेलं वळण पुसलं. धोतर संपलं, तेव्हा मी शर्ट काढला. साहेबांना कळवून त्याच दुपारी गाड्यांचा वेग कमी करून घेतला.

वीस तारखेला चौकशी. साहेब तीन, टेबल एक, चहा त्यांच्यापुरता. त्यांनी पेटीचं काढलंच. मी उठून म्हटलं, "पेटी बिचारी थुंकते, तेही बाजूला. माथ्यावर मी लावत होतो." मोठे साहेब म्हणाले, "मुकादम, विचार करून बोला. ते वळण आम्ही पाहुण्यांना दाखवत होतो." मी म्हटलं, "तेच सांगतोय. पाहुण्यांनाही भेगा दिसल्या नाहीत, आणि तुम्हालाही. मग एकट्या बगळ्यालाच कशा दिसाव्यात?" मग विचारलं, "माथ्यावर का लावत होता?" सहा वर्षं पाठ केलेलं उत्तर जिभेवर आलं होतं. पण मामीने सकाळी, शर्टाचं बटण लावता लावता, तुला काय लिहिलं ते सांगून टाकलं होतं. म्हटलं, "बायकोचं डोकं दुखतं." कारकुनाने पेन उचललं, "साहेब, हे लिहू?" साहेब म्हणाले, "लिहा : ध्वनिप्रदूषण."

बगळा कामावर आला. माझ्या सेवापुस्तकात लाल शेरा आला. वळण माझ्याकडून काढलं, निवृत्तीपर्यंत अवजारांची खोली सांभाळायची. पुढच्या महिन्यात रूळ घासायचं यंत्र येतंय. निवांतराव मुद्दाम भेटायला आला, ग्रीसच्या डब्यावर बसला आणि म्हणाला, "मी नेहमी सांगायचो, फार हात लावू नये." आळशी माणसाला शास्त्राचा आधार मिळाला, की तो पाहवत नाही बघ.

माथ्यावर ग्रीस नाही, असा आजचा आठवा दिवस. गाड्या किंचाळत जातात. पहिल्या दिवशी पहिली गाडी आली, तेव्हा मी ओट्यावर होतो, बगळा पायरीशी. मामी दाराशी आली, दोन्ही कानांत कापूस. चाकांनी असा काही सूर लावला, की मी मान वर केली नाही. गाडी गेली. बगळा हळूच म्हणाला, "वहिनी, ओरडतंय म्हणजे घासतंय."

मामी म्हणाली, "मग ओरडू दे. माझं डोकं आहे, रूळ नाही. दुखेल, पण फुटायचं नाही."

त्यानंतर मला चहा मिळाला.

आता मला एक सांग. फार झिजला तर रूळ बदलावा लागतो, मुळीच झिजला नाही तर फुटतो. मग झिजावं किती? तुमच्या भिंगात मधला कुठलातरी आकडा असेलच. तो कळव, मी खोलीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवतो. गँगही विचारतेय. आणि फोन करू नकोस. मला 'हं' नकोय.

मामी आशीर्वाद सांगते आहे. बाहेरून गाडी चालली आहे, म्हणून ओरडून सांगते आहे.

तुझा मामा